चहा घेतलेल्या पाहुण्याची नोंद

६ जानेवारी २०२५, सोमवार

वहीबाई, नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे? पानं कोरी आहेत तोवर उत्तमच असणार. आमच्याकडची एकेकाची सांगतो. आमची मंडळी गवराबाई, तिचे गुडघे थंडीनं धरलेत, तोंड मात्र ठणठणीत आहे. मुलगा ज्ञानेश, त्याची पाठ दुसऱ्या शिफ्टला दुखते आणि पहिल्या शिफ्टला दुखत नाही; हे कसलं दुखणं ते डॉक्टरलाही कळेना. नात संस्कृती, तिचा खोकला गेला, आता फक्त शाळेच्या वेळेला येतो. सूनबाई सुप्रियाची झोप पुरी होत नाही. आणि वखारीतल्या कॉम्प्युटरला ताप चढतो म्हणून त्याला दोन एसी लावलेत. आमच्या आईला शेवटच्या दुखण्यात साधा पंखा नव्हता. मी बरा आहे.

वहीची एवढी विचारपूस कशाला, असं कुणी म्हणेल. पण मी शाळेत गेलो दोनच वर्षं. पुढचं लिहिणं शिकलो भोसरीच्या कारखान्यात, स्टोअरला असताना, परगावच्या कामगारांना घरची पत्रं लिहून देता देता. कागद दिसला की आधी तब्येत, मग काम. त्र्याहत्तराव्या वर्षी ही खोड कुठं जायची!

काम असं. आमच्या कांद्याच्या वखारीत सुप्रियानं कंपनी काढली त्याला चार वर्षं झाली. एक डबी बनवतात. ती यंत्राला चिकटवली की यंत्राची घरघर ऐकत बसते आणि बेअरिंग जायच्या आधी सांगते, की बाबांनो, हे जाणार. कामगार यंत्रावर आला-गेला की आपलं कार्ड डबीला टेकवतो, म्हणजे यंत्र कुणाच्या हातात होतं तेही तिला कळतं. चाकणमधल्या एका जर्मन कंपनीच्या कारखान्यात आपल्या दोनशे डब्या आहेत. एप्रिलपासून त्यांच्या परदेशातल्या तीन कारखान्यांत बसणार. बोलणी झाली, सही तेवढी राहिली. त्यासाठी आठ नवी पोरं घ्यायची ठरलीत. सही झाली की सुप्रिया झोपेल, आणि मग गवराबाईपण झोपेल.

मी गेटवर. खुर्ची, काठी आणि येण्याजाण्याची वही. पगार नाही, पण मान आहे.

९ जानेवारी, गुरुवार

आज एक फार चांगला माणूस भेटला. इस्त्रीचा शर्ट, तपकिरी बूट, बोलणं लोण्यासारखं. "आप्पा, सरकारी कामानं आलोय," म्हणाला. कुठल्या खात्याचा ते सांगितलं, पण मी चहाचं सांगायला वळलो होतो. सुप्रिया आणि तिचा भागीदार अजिंक्य जर्मन कारखान्यात गेले होते. म्हटलं, माणूस उन्हातून आलाय, असाच कसा परत जाईल? गवराबाईनं कांदाभजी काढली. दोन बशा खाल्ल्या त्यानं. गवराबाईलाच विचारलं, बेसनात ओवा घालता का म्हणून. अधिकारी माणूस आणि ओव्याची पारख!

चाकणच्या कारखान्यात युनियनची कुजबुज आहे म्हणे, त्याची साधी चौकशी होती. डिसेंबरात कोण कोणत्या शिफ्टला होतं तेवढं बघायचं होतं. मी दर महिन्याला अजिंक्यकडून ते कागदावर छापून घेतो आणि फाइलला लावतो. पोरांना हसू येतं, पण कागदावर नाही ते मला खरं वाटत नाही. ती फाइल आज कामी आली. एक ते एकतीस डिसेंबर, बावीस पानं. त्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि फाइल जशीच्या तशी परत दिली. कागदाचा कोपरासुद्धा दुमडला नाही.

गेटच्या वहीत त्याला लिहिलं नाही. आमच्यात रीतच आहे, ज्यानं घरचं पाणी घेतलं तो पाहुणा. टेम्पोवाला लिहायचा, भंगारवाला लिहायचा. पाहुण्याचं नाव लिहून ठेवायला तो काय चोर आहे? असे अधिकारी मिळाले तर देश पुढं जाईल.

सुप्रियाला सांगायचं राहिलं. ती आली तीच फोनवर. सूनबाई हुशार आहे, पण तिला माणसं कळत नाहीत. स्वतःच्या पोरीच्या गणिताकडं बघायला वेळ नाही आणि काळजी कुणाची, तर जर्मनीच्या बेअरिंगची. आणि तो अजिंक्य अर्ध्या चड्डीत कंपनीत येतो, उभ्यानं खातो. उभ्यानं खाणाऱ्याच्या पोटात काही राहत नाही, अन्न नाही आणि गोष्टही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

वखारीत आज कुणी हसलं नाही. जर्मनीहून उर्सुलाबाईंचं ईमेल आलंय. तिकडची खरेदी त्या बघतात. सुप्रियानं मला मराठीत करून सांगितलं. चाकणच्या दोन कामगारांना कुठल्याशा कार्यालयात बोलावलं, आणि डिसेंबरात अमुक दिवशी अमुक वाजता तुम्ही यंत्रावर नव्हता, मग कुठं होता, असं विचारलं. कंपनीच्या हजेरीत तर ते दोघं दिवसभर हजर. मधल्या दोन तासांचं ठाऊक फक्त आपल्या डबीला. त्या दोघांनी थेट जर्मनीला लिहिलं.

"म्हणजे आपल्याकडून गेलं," सुप्रिया म्हणाली.

मी म्हटलं, "सरकारनं विचारलं तर सांगावं लागतंच ना पोरी?"

"कायद्याचं पत्र आलं तर सांगावं लागतं, आप्पा. मग आपणही गिऱ्हाइकाला कळवतो. इथं पत्र नाही, बित्र नाही. मी काय उत्तर देऊ?"

घरभेदी कोण, ते मला चांगलं ठाऊक आहे. आज लिहीत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सही थांबली. तीनही कारखान्यांची. चाकणच्या डब्यांची कार्डं बंद करायला सांगितली आहेत.

मला वाटलं होतं, भाव पाडून मागतील. तसं नाही. सुप्रिया म्हणाली, "त्यांना दुसरी एक कंपनी डबी देतेय. आपल्यापेक्षा महाग आहे आणि अर्धी बहिरी आहे. पण ती चुगली करत नाही, असं त्यांचं म्हणणं."

"आपली तरी कुठं करते?"

"तेच तर सिद्ध करता येत नाहीये."

तळेगावचं औषधांच्या थंड गोदामाचं एक गिऱ्हाईक आहे, त्यांनीही आज विचारलं, आमची माहिती कुणाकुणाला देता? एकाच्या घरी उंदीर निघाला की आळीभर डबे तपासतात. अजिंक्य म्हणतो, सगळी माहिती परदेशातल्या भाड्याच्या यंत्रांवर ठेवू, मग लोक विश्वास ठेवतील. सुप्रिया म्हणाली, त्या भाड्यात दोन माणसांचे पगार जातील आणि आपली वखार पुन्हा कांद्यालाच मोकळी होईल. दोघं भांडले. चार वर्षांत मी त्यांना भांडताना पाहिलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चऱ्होलीची तेजस्विनी गेटवर आली होती. आठांतली पहिली निवडलेली पोरगी. जुनी नोकरी सोडून बसली, आणि इथून फोन गेला की थांब. हातात पेढ्यांचा पुडा. "आप्पा, आधीच आणला होता, खराब होईल, घ्या." पुडा खुर्चीखाली ठेवला, उघडला नाही.

मग माझा तोल गेला. अजिंक्य उभ्यानं पोहे खात होता. म्हटलं, "अजिंक्यराव, पोटात काही ठेवायची सवय लावा."

"म्हणजे काय, आप्पा?"

"म्हणजे घरातली गोष्ट गावात कुणी नेली, ते ज्याचं त्याला माहीत."

त्यानं बशी ठेवली. "तीन दिवस मी एकेक ओळ तपासतोय. सर्व्हरमधून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही."

"मग काय कांद्यानं सांगितलं?"

तो परत कॉम्प्युटरकडं वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. चोराचे होतातच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घडलं ते घडलं तसं लिहितो.

गवराबाई ताकाची कढी करत होती. बेसन कालवता कालवता सहज म्हणाली, "अवो, त्यो भजी खाणारा पुन्हा आला न्हाई कधी. ओव्याचं इचारत व्हता, त्यो."

"त्याचं काय?"

"काय न्हाई. शिफ्टीचं कागद बघत व्हता न्हवं? आन् आता शिफ्टीवरनंच बोंब हाय, म्हनून आठवला."

मी म्हटलं, "तू कढीकडं बघ." ती बघायला लागली. मी इकडं येऊन ही वही उघडली आणि नऊ जानेवारीचं पान काढलं. तीनदा वाचलं. एक ते एकतीस डिसेंबर, बावीस पानं. माझंच अक्षर.

शेतात साप शोधावा आणि तो आपल्याच धोतराच्या सोग्यात निघावा, तशी गत झाली.

ते पान फाडायला धरलं होतं, हेही लिहितो. गेटच्या वहीत त्याचं नाव नाही. हे पान गेलं की झालं, कुणाला काही कळलं नसतं. गवराबाई दाराशी येऊन उभी राहिली. "फाडू नका. कढी गार व्हतीया, या." एवढंच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी वखारीत जाऊन दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. वाटलं होतं, सुप्रिया ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "कागद छापले कुणी?"

"मी," अजिंक्य म्हणाला. "आप्पांनी मागितले म्हणून. छापायला नको होते, मला माहीत होतं. नाही कसं म्हणायचं ते कळलं नाही."

वहीबाई, ज्याला मी चोर म्हटलं तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, अर्ध्या चड्डीत. मी हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले. "आप्पा, पोहे मागवू का? बसून खातो," म्हणाला. मला हसू आलं आणि रडूही.

सुप्रिया म्हणाली, "उर्सुलाबाईंना सगळं सांगायचं. पण नेमकं काय दिलं? कोणती पानं, कोणत्या तारखा, मोबाइलवर की हातात? अंदाजे सांगून चालणार नाही. हे कुठं लिहिलंय?"

लिहिलंय एकाच ठिकाणी.

"माझ्या वहीत आहे," मी म्हटलं. "पण ती... त्या पानावर इतरही आहे. मी वाचून दाखवतो ना, जेवढं कामाचं आहे तेवढं."

"आप्पा, निवडून दाखवलं तर ते पुन्हा आपण सांगू तेच झालं."

खरं होतं. तरी वही देताना हात आखडला, दवाखान्यात अंगातला सदरा काढताना आखडतो तसा. बावीस पानं दुसऱ्यांची दिली तेव्हा काही वाटलं नव्हतं. हे एक पान देताना वही दोनदा मागं घेतली.

सुप्रियानं उभ्याउभ्या वाचलं, वही मिटून परत दिली आणि म्हणाली, "अक्षर छान आहे तुमचं."

का कोण जाणे, आज ती सहालाच घरी आली आणि संस्कृतीला घेऊन गणिताला बसली. कामं कमी झाली असतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उर्सुलाबाईंशी बोलणं झालं. पडद्यावर पाहिलं तर पांढऱ्या केसांची, आपल्या ज्ञानेशच्या मंजुळामावशीसारखी बाई. मी आधी तब्येत विचारली. सुप्रियानं डोळे मोठे केले, पण बाईंनी नीट उत्तर दिलं. त्यांच्या आईचं कंबरेचं हाड बदललंय, काठीनं चालते. मी गवराबाईच्या गुडघ्यांचं सांगितलं. मग पान वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सुप्रिया एकेक वाक्य इंग्रजीत करत गेली. "सूनबाईला माणसं कळत नाहीत" हे तिनं माझ्याकडं न बघता केलं, एक शब्द गाळला नाही. अजिंक्यनं चड्डीचं वाक्य स्वतःच करून सांगितलं. देश पुढं जाईल, या वाक्याला बाई हसल्या, आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, "हे त्या दोन कामगारांना कुणी सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. आम्ही सगळे जर्मनीकडं बघत होतो. ते दोघं इथं चार किलोमीटरवर खराबवाडीत राहतात.

दुपारीच गेलो. एक कामावर होता. दुसरा, भिवा, परभणीकडचा, खोलीवर होता. मी सांगितलं, की बाबा, तुझा कागद मी दाखवला, चहाबरोबर. तो शिव्या देईल म्हणून काठी बाहेर ठेवून गेलो होतो. त्यानं शिवी दिली नाही. त्या दोन तासांत तो कुठं होता, ते सांगितलं. युनियन-बिनियनशी काही संबंध नाही. घरच्यांनाही न सांगितलेली गोष्ट होती, ती त्याला त्या कार्यालयात चार अनोळखी माणसांसमोर सांगावी लागली. आता नोकरी राहिली तरी तोंड कसं दाखवू, म्हणत होता.

काय गोष्ट, ते मी इथं लिहीत नाही. ही वही एकदा वाचली गेली आहे. आणि नसती वाचली गेली, तरी ती गोष्ट माझी नाही.

३ मार्च, सोमवार

उत्तर आलं! तीन नाही, एक कारखाना. सहा महिने बघणार, मग बाकीच्यांचं. पण अटी आहेत. डबीत नाव राहणार नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कुणाचा, ती यादी तिकडच्या कारखान्यात, कामगारांच्या प्रतिनिधीसमोर कुलपात. आपल्याकडं नावंच नसतील तर कुणी मागितली तरी देणार काय? कागदावर छापणं बंद. आणि कुठलंही सरकारी माणूस आलं तर ते वहीत लिहायचं, कायदा आडवा येत नसेल तर महिन्याच्या महिन्याला गिऱ्हाइकाला आणि कामगारांना कळवायचं. पत्र आणलं तर पत्रात आहे तेवढं द्यायचं, त्यापेक्षा चिमूटभरही जास्त नाही.

मी विचारलं, "कुठल्या वहीत?"

सुप्रिया म्हणाली, "तुमच्या. गेटच्या. उर्सुलाबाईंनीच लिहिलंय, ती वही त्याच गृहस्थांकडं असावी."

मला वाटलं होतं, खुर्ची काढून घेतील.

आठांपैकी तिघांना बोलावलं. तेजस्विनी उद्यापासून येते. बाकी पाच जणांचं वाईट वाटतं. पोरांनो, सहा महिने दम धरा. तळेगावच्या गोदामवाल्यांनी मात्र करार मोडला तो मोडलाच. माझ्या दोन बशा भजीची किंमत मी सुप्रियाला विचारली. ती म्हणाली, "आप्पा, ते राहू द्या." म्हणजे फार असणार.

१७ मार्च, सोमवार

आला! तोच, तपकिरी बूट. "काय आप्पा, ओळखलं का? आज भजी नाही वाटतं?"

"आहे की. बसा." पाणी दिलं. चहा सांगितला. रीत मोडायची नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. मग वही पुढं केली. "साहेब, नाव, खातं, काय काम, कुणाचं पत्र. चार रकाने आहेत. तेवढं लिहा."

"अहो, मी काय परका आहे का?"

"पाहुणेच आहात. आता आमच्यात पाहुण्यांचंही लिहितात. माझी सून लिहिते, मी लिहितो. ती बघा, काल गवराबाईची बहीण आली होती, मंजुळाबाई, मुक्काम दोन दिवस, काम गप्पा."

त्यानं वाचलं. हसला. "आणि लिहिलं तर हे कोण वाचणार?"

"ज्यांचं तुम्ही विचारणार ते वाचतील."

चहा आला. त्यानं अर्धा घेतला. मग मोबाइल खिशात घातला, म्हणाला, "पत्र घेऊनच येतो मग."

"या ना. पत्र आणलंत की पत्राप्रमाणं. भजी तशीही मिळेल."

तो गेल्यावर मागं वळून बघितलं. वखारीच्या खिडकीत तिघं चौघं उभी होती, अजिंक्यच्या हातात पोह्यांची बशी. तो मात्र खुर्चीवर बसला होता. वहीत लिहिलं: एक सरकारी गृहस्थ आले, नाव दिलं नाही, पत्र नाही, अर्धा चहा घेतला, काही दिलं नाही. खाली सही, सावळाराम कड.

गवराबाई म्हणाली, "उरलेला चहा वतू का?" म्हटलं, ओत.

१ एप्रिल, मंगळवार

आज पहिलं महिन्याचं पत्र गेलं. इंग्रजी तेजस्विनी करणार. मराठी मी लिहिलं, त्याची नक्कल इथं ठेवतो.

"उर्सुलाबाई, सावळाराम कड याचा नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? आईंची कंबर कशी आहे? जिना चढू नका म्हणावं. इकडं गवराबाईचे गुडघे उन्हानं सुटलेत. ज्ञानेशला आता पहिलीच शिफ्ट मिळाली, पाठ गप्प आहे. संस्कृतीला गणितात अठरा पडले, विसापैकी. सुप्रिया झोपते. अजिंक्य पायजमा घालत नाही, पण ते तुमच्या करारात नाही. तुमच्या कारखान्यातल्या पहिल्या डब्या नीट ऐकतात, असं कळलं.

मार्च महिन्याचा जबाब असा. सरकारी माणसं आली: एक. पत्र: नाही. दिलं: काही नाही. पानाचा फोटो सोबत आहे. असाच कागद चाकणच्या कामगारांच्या फळ्यावरही लावला आहे.

तुम्ही भिवाची चौकशी केलीत. तो कामावर आहे, काल गेटवरून जाताना थांबला, चहा घेतला, त्याचं नाव मी वहीत लिहिलं. तो बरा आहे, एवढंच मी लिहू शकतो. बाकीचं त्याचं आहे, त्याला वाटलं तर तो सांगेल.

म्हातारा माणूस गेटवर बसून टपालाची वाट बघतो, हे ध्यानात ठेवा. आईंच्या कंबरेचं तरी दोन ओळींत कळवा, आणि उत्तर लवकर धाडा."